आपल्या टॉवरची नोंदवही

फेब्रुवारी २०२५ अखेर देशातल्या ९९.६ टक्के जिल्ह्यांत ५जी सेवा पोहोचली होती आणि त्यासाठी ४ लाख ६९ हजार बेस स्टेशने उभी राहिली होती, असे केंद्र सरकारने जाहीर केले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या सेवेने अडीच वर्षांत मारलेली ही मजल मोठी आहे आणि या आकड्यांवर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. तरीही कुडाळच्या बाजारपेठेत दुकान चालवणाऱ्याला किंवा डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर बसून घरून काम करणाऱ्याला जो प्रश्न पडतो, तो या आकड्यांनी सुटत नाही. जिल्ह्यात सेवा सुरू आहे एवढेच हा आकडा सांगतो. त्या जिल्ह्यातल्या कोणत्या वाडीत, कोणत्या गल्लीत, कोणत्या भिंतीच्या आड ती मिळते, हे तो सांगत नाही. मोबाइलचे जाळे जिल्ह्यांनी बनलेले नसते, ते सेलने बनलेले असते. एका टॉवरवरचा एका दिशेला तोंड करून बसवलेला अँटेना जेवढ्या भागाला सेवा देतो, तेवढा एक सेल. शहरात त्याचा पल्ला काहीशे मीटर असतो, मोकळ्या माळावर काही किलोमीटर. सुधारणा होते ती या सेलमध्ये, आणि ती झाली की नाही याचा पडताळाही तिथेच घ्यावा लागतो. हा पडताळा सामान्य ग्राहकाला घेता येतो, त्यासाठी लागणारे उपकरण त्याच्या खिशातच आहे आणि त्याने तो घेतला पाहिजे, हे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

आपण सहसा ज्या पुराव्यावर विसंबतो, तो फार कच्चा असतो. फोनच्या वरच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या काड्यांपासून सुरुवात करू. किती ताकदीच्या लहरींना किती काड्या दाखवायच्या, याचे जगात कुठेही एकच प्रमाण नाही. ते फोन बनवणारी कंपनी ठरवते. २०१० मध्ये आयफोन ४ बाजारात आल्यावर रेंज पडण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २ जुलैच्या जाहीर पत्रात ॲपलने मान्य केले की काड्यांची संख्या काढण्याचे आपले सूत्रच सपशेल चुकीचे होते आणि अनेकदा फोन हव्यात त्यापेक्षा दोन काड्या जास्त दाखवत होता. म्हणजे जिथे रेंज मुळातच क्षीण होती, तिथे ग्राहकाला ती भरपूर असल्याचे दिसत होते. एकाच टेबलावर ठेवलेले, एकाच कंपनीचे सिम घातलेले दोन फोन वेगवेगळ्या काड्या दाखवतात, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

काड्यांशेजारचे ५जी हे चिन्ह त्याहून कच्चे आहे. अमेरिकेत २०१९ च्या सुरुवातीला एटी अँड टी कंपनीने आपल्या ग्राहकांच्या फोनवर ‘५जी ई’ असे चिन्ह झळकवले. त्यामागचे जाळे मात्र सुधारित ४जीचेच होते. जाहिरातींच्या स्वनियमनाचे काम पाहणाऱ्या तिथल्या मंडळाने मे २०२० मध्ये हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा ठरवला आणि तो जाहिरातींतून काढण्याची शिफारस केली. हे एका कंपनीच्या विक्रीतंत्राचे उदाहरण झाले. पण कोणाचाही हेतू वाईट नसताना, केवळ तंत्राच्या रचनेमुळेही हे चिन्ह फसवे ठरू शकते. भारतात जिओने ५जीचे स्वतंत्र जाळे उभारले, त्याला ४जीच्या आधाराची गरज नाही. एअरटेलने सुरुवात ४जीच्या आधाराने चालणाऱ्या ५जीपासून केली. या दुसऱ्या पद्धतीत फोन आधी ४जीच्या सेलला जोडला जातो. ‘या भागात ५जीची जोड मिळू शकते’ अशी एक सूचना तो सेल सतत प्रसारित करत असतो. कित्येक फोन तेवढ्या सूचनेवर ५जीचे चिन्ह दाखवतात, मग त्या क्षणी ५जीच्या लहरी फोनपर्यंत पोहोचत असोत वा नसोत. त्यामुळे चिन्ह दिसले म्हणजे सुधारणा झाली, हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

तिसरा पुरावा कंपन्यांच्या नकाशांचा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सेवेच्या दर्जाविषयी २०२४ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने कोणत्या तंत्रज्ञानाची सेवा कुठे मिळते याचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. ही तरतूद अतिशय स्वागतार्ह आहे. मात्र असे नकाशे मुख्यतः गणिताने तयार होतात, हे लक्षात ठेवले पाहिजे. टॉवरची उंची, अँटेनाची दिशा, लहरींची वारंवारता आणि जमिनीचा चढउतार यांवरून रेंज कुठवर जाईल याचा अंदाज संगणक बांधतो. हा अंदाज किती चुकू शकतो, याचा उत्तम पुरावा अमेरिकेत आहे. ग्रामीण भागातल्या मोबाइल सेवेसाठी अनुदान द्यायचे म्हणून तिथल्या संघीय दळणवळण आयोगाने कंपन्यांकडून ४जीचे नकाशे मागवले होते. नकाशात रंगवलेल्या भागात किमान ५ एमबीपीएस वेग मिळायला हवा होता. २०१८ मध्ये व्हरमाँट या छोट्या डोंगराळ राज्याच्या सार्वजनिक सेवा खात्याने वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन गाडीत ठेवून सुमारे सहा हजार मैल रस्ते पालथे घातले आणि नकाशांना आव्हान दिले. पुढे आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी स्वतः सुमारे दहा हजार मैल फिरून चाचण्या घेतल्या. डिसेंबर २०१९ च्या त्यांच्या अहवालानुसार नकाशात सांगितलेला किमान वेग फक्त ६२.३ टक्के चाचण्यांत मिळाला. त्यानंतर अनुदानाची ती योजना गुंडाळावी लागली. मार्च २०२० मध्ये तिथे नवा कायदा झाला आणि नकाशाला आव्हान देण्याची सोय सर्वसामान्य नागरिकांनाही मिळाली. जागेवर जाऊन केलेल्या साध्या मोजमापाने देशाचे धोरण बदलू शकते, एवढे या प्रकरणावरून सिद्ध होते.

नकाशा, चिन्ह आणि काड्या बाजूला ठेवल्यावर उरतो तो मूळ प्रश्न: सुधारणा म्हणजे नेमके काय बदलते? पहिला बदल लहरींच्या पट्ट्याचा, म्हणजे बँडचा. जुलै आणि ऑगस्ट २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी सुमारे दीड लाख कोटी रुपये मोजून स्पेक्ट्रम घेतला. त्यातला ५जीचा मुख्य आधार ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा होता. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्या लिलावात एकट्या जिओने घेतला, तोही सर्व २२ सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार परवान्याच्या विभागांत. या दोन पट्ट्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. बाकी सगळे सारखे धरले, तर ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी त्याच अंतरावर ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींच्या पंचविसाव्या हिश्श्याइतक्या ताकदीने पोहोचतात आणि काँक्रीटच्या भिंतीत त्या जास्त अडतात. अनेक अँटेना एकत्र जोडून लहरी एका दिशेला एकवटण्याच्या तंत्राने ही तूट काही अंशी भरून निघते. उलट वरच्या पट्ट्यात रुंदी भरपूर मिळते, म्हणून वेगही भरपूर मिळतो. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर आणि घराच्या आतल्या खोलीपर्यंत जातात, पण तिथली रुंदी थोडी असते. म्हणून ‘आमच्याकडे ५जी आले’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. कोणत्या पट्ट्यावर आले, हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग रस्त्यावर होणार की माजघरात, हे ठरत नाही.

दुसरा बदल जुना पट्टा नव्या कामाला लावण्याचा. एअरटेलने २०२० च्या सुमारास देशभरातली ३जी सेवा बंद केली आणि तो स्पेक्ट्रम ४जीसाठी वापरायला घेतला. अशा बदलात एकाचा फायदा होतो तेव्हा दुसऱ्याचे नुकसान होऊ शकते, कारण जुना फोन बाळगणाऱ्याचे इंटरनेट त्या दिवसापासून थंडावते. तिसरा बदल टॉवरच्या संख्येचा. चौथा बदल टॉवरच्या पाठीमागे असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. टॉवर आणि कंपनीचे मुख्य जाळे यांना जोडणारा दुवा, म्हणजे बॅकहॉल, फायबरचा आहे की मायक्रोवेव्ह लहरींचा, यावर सगळा वेग अवलंबून असतो. गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी बसवली, नवे नळ लावले, पण खालून येणारी नळी अर्ध्या इंचाचीच राहिली तर पाणी वाढत नाही. बॅकहॉलचे तसेच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशन जाहीर झाले, तेव्हा देशातल्या जेमतेम ३० टक्के टॉवरना फायबर होते आणि ते प्रमाण ७० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले, यावरून या दुव्याचे महत्त्व कळते.

हे चारही बदल फोनच्या आकड्यांत वेगवेगळ्या खुणा सोडतात. इथे ग्राहकाचे काम सुरू होते. बहुतेक अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केले की आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केले की जाळ्याची तांत्रिक माहिती दाखवणारा पडदा उघडतो. अँड्रॉइडवर हीच माहिती नीट मांडून दाखवणारी मोफत ॲपही मिळतात. त्यातले चार आकडे पुरेसे आहेत. पहिला आरएसआरपी, म्हणजे सेलकडून येणाऱ्या लहरींची ताकद. तो उणे आकड्यात असतो. उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे १०० च्या आसपास मध्यम, आणि उणे ११५ च्या खाली गेला की संभाषण तुटायला लागते. हे माप गुणाकाराने चालते. दहाचा फरक म्हणजे दहापट, तीसचा फरक म्हणजे हजारपट. दुसरा आकडा एसआयएनआर. तो हव्या त्या लहरी आणि शेजारच्या सेलचा गोंगाट यांचे गुणोत्तर सांगतो. वीसच्या वर असेल तर छान, शून्याच्या खाली गेला तर काड्या भरलेल्या असूनही पान उघडत नाही. तिसरा आकडा वाहिनीचा. ४जीमध्ये तो १२०० ते १९४९ च्या दरम्यान असेल तर फोन १८०० मेगाहर्ट्झवर आहे, २४०० ते २६४९ असेल तर ८५० वर, आणि ३८६५० ते ३९६४९ असेल तर २३०० वर. चौथा आकडा सेलच्या ओळखक्रमांकाचा. ४जीमध्ये या क्रमांकाला २५६ ने भागले की येणारा पूर्णांक टॉवरवरच्या बेस स्टेशनचा आणि उरलेली बाकी त्यावरच्या सेलची.

आता खुणा वाचता येतात. बेस स्टेशनचा कधीच न पाहिलेला क्रमांक दिसू लागला आणि आरएसआरपी एकदम सुधारला, तर जवळपास नवा टॉवर किंवा नवे उपकरण चालू झाले आहे. काही फोन ‘टायमिंग ॲडव्हान्स’ नावाचा आकडाही दाखवतात. ४जीमध्ये त्याची प्रत्येक पायरी साधारण ७८ मीटरची असते, त्यामुळे नवे उपकरण किती लांब आहे याचा अंदाज बांधता येतो. बेस स्टेशन तेच राहिले, पण बाकी नवी आणि वाहिनीचा आकडाही नवा असेल, तर जुन्याच टॉवरवर नवा पट्टा चढवला आहे. क्रमांक आणि वाहिनी जुनीच असून आरएसआरपी काही अंकांनी बदलला, तर अँटेनाचा कल किंवा दिशा बदलली असण्याची शक्यता मोठी. आणि हे सगळे जसेच्या तसे असून संध्याकाळचा वेग दुपटी-तिपटीने वाढला, तर बहुधा बॅकहॉल सुधारला आहे. जाहिरातीत या चौघांनाही एकच नाव मिळते. नोंदवहीत मात्र त्या चार वेगळ्या घटना असतात.

सगळ्यात जास्त गैरसमज वेगाच्या चाचणीबाबत आहेत. चाचणीचा आकडा खोटा नसतो, पण तो त्या मिनिटापुरता खरा असतो. ४जीच्या २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीचा कागदावरचा कमाल वेग १५० एमबीपीएस आहे. प्रत्यक्षात जवळचे आणि लांबचे, बाहेरचे आणि घरातले सगळे वापरकर्ते धरले तर सेलच्या वाट्याला सरासरी ३० ते ४० एमबीपीएस येतात, आणि तेही सगळ्यांत वाटून घ्यायचे असतात. एकाच वेळी वीस जण व्हिडिओ पाहत असतील तर प्रत्येकाला दीड ते दोन एमबीपीएस उरतात. म्हणून पहाटे सहाच्या चाचणीत सेलची क्षमता कळते आणि रात्री नऊच्या चाचणीत त्या क्षमतेवरचा ताण कळतो. सुधारणा खरी असेल तर तिचा परिणाम रात्री नऊला दिसला पाहिजे. इंटरनेटचा वेग मोजणाऱ्या ऊक्ला कंपनीच्या आकडेवारीनुसार भारतातला मोबाइल डाउनलोडचा मध्यांक सप्टेंबर २०२२ मध्ये १३.८७ एमबीपीएस होता, तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५०.२१ वर गेला. हा देशाचा मध्यांक आहे. ज्या सेलवर रात्री नऊला वेग बसतो, त्या सेलचे ग्राहक या आनंदात सहभागी नाहीत, आणि ते कोण हे मध्यांकातून कळत नाही.

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर यात ऋतूचीही भर पडते. ७०० किंवा १८०० मेगाहर्ट्झच्या लहरींना पाऊस जवळपास अडवत नाही. मात्र साधारण १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, आणि टॉवरना जोडणारे अनेक मायक्रोवेव्ह दुवे १५ किंवा १८ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यामुळे जुलैच्या धारांमध्ये फोनवर रेंज पूर्ण दिसते, आरएसआरपी उन्हाळ्यातलाच असतो, आणि तरीही इंटरनेट रांगू लागते. वीज गेलेली नसताना, टॉवर चालू असताना, फक्त जोराच्या सरींबरोबर वेग पडत असेल तर दोष बहुधा त्या दुव्यात आहे. तिथे नव्या अँटेनाची मागणी करून उपयोग नाही, मागणी फायबरची करावी लागते. मोजमापाशिवाय हा भेद कळत नाही, आणि भेद न कळल्यामुळे वर्षानुवर्षे चुकीची मागणी होत राहते.

नोंद ठेवण्याची पद्धत साधी असली तरी तिला शिस्त लागते. फोन एकच असावा आणि मधेच बदलू नये. जागा चार-पाचच असाव्यात: घरातली आतली खोली, गच्ची, बसथांबा, दुकान, शाळेचे आवार. वेळा ठरलेल्या असाव्यात, सकाळची एक आणि रात्रीच्या गर्दीची एक. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, आरएसआरपी, एसआयएनआर, वाहिनी, सेलचा क्रमांक, डाउनलोड, अपलोड आणि प्रतिसादाला लागणारा वेळ लिहावा. ट्रायचे मायस्पीड ॲप यासाठी वापरावे, म्हणजे निकाल प्राधिकरणापर्यंतही पोहोचतात. ५जीवर सारख्या चाचण्या घेऊ नयेत, कारण ५०० एमबीपीएस वेगाने दहा सेकंदांची एक चाचणी ६२५ मेगाबाइट खाते आणि दिवसाचा डेटा दोन-तीन चाचण्यांत संपू शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद सुधारणेच्या आधीपासून हवी. आधीचे माप नसेल तर नंतरच्या मापाला तुलना उरत नाही. आणि बदल न झालेल्या शेजारच्या भागातही एक ठिकाण निवडावे. दोन्हीकडे वेग सारखाच वाढला असेल, तर त्याचे श्रेय आपल्या टॉवरला देता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की साधा फोन हे मोजमापाचे उपकरण नव्हे, त्याचे आकडे दोन-पाच अंकांनी इकडेतिकडे होतात. हे खरे आहे. म्हणूनच दोन फोनच्या आकड्यांची थेट तुलना करू नये. पण एकाच फोनमध्ये जो दोष आज आहे तोच पुढच्या महिन्यातही असतो, त्यामुळे आधी आणि नंतर यांच्या वजाबाकीत त्याचा बराचसा भाग निघून जातो. आपल्याला ताकदीचे अचूक माप नको आहे, बदल झाला की नाही एवढेच हवे आहे, आणि त्या प्रश्नासाठी साधा फोन पुरेसा आहे. अमेरिकेच्या आयोगाने नकाशांना आव्हान देण्यासाठी नागरिकांच्या फोनवरच्या चाचण्या ग्राह्य धरल्या, त्यामागे हाच विचार आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ट्राय स्वतः शहरांत, महामार्गांवर आणि लोहमार्गांवर चाचण्या घेते, कंपन्यांकडे प्रत्येक सेलची क्षणाक्षणाची आकडेवारी असते, मग नागरिकांनी यात का पडावे? उत्तर असे की या तिघांचे प्रश्न वेगवेगळे आहेत. ट्रायची चाचणी ठरावीक मार्गांवर आणि ठरावीक दिवशी होते. मोबाइलचा वापर बराचसा चार भिंतींच्या आत होतो, आणि लोकांच्या घरांत, दुकानांत, वर्गांत मोजणी करणे कोणत्याही सरकारी यंत्रणेला शक्य नाही. कंपनीची आकडेवारी अतिशय तपशीलवार असते, पण ती सेलला जोडल्या गेलेल्या फोनची असते. ज्या खोलीत फोन जोडलाच जात नाही, ती खोली त्या आकडेवारीत जवळजवळ दिसतच नाही. नागरिकाची नोंद नेमकी ही उणीव भरून काढते. ती ट्रायच्या अहवालाची जागा घेत नाही, त्याला जोड देते.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा आणि सुरक्षेचा. टॉवरची माहिती गोळा करणे धोक्याचे नाही का? टॉवर कुठे आहेत आणि त्यांचे विद्युतचुंबकीय उत्सर्जन मर्यादेत आहे का, याची माहिती सरकारने २०१७ पासून तरंग संचार या संकेतस्थळावर लोकांसाठी खुली केली आहे. फोन जे क्रमांक दाखवतो, ते टॉवर सर्व फोनसाठी उघडपणे प्रसारित करतच असतो. जपायचे ते वेगळे आहे. नोंदी एकत्र करताना कोणाच्या घराचा नेमका पत्ता किंवा फोन क्रमांक त्यात येऊ नये, लष्करी आणि प्रतिबंधित परिसरात मोजणी करू नये, आणि जागेचे नाव गल्ली किंवा चौकापुरते ठेवावे. एवढी काळजी घेतली की नोंदवही सर्वांपुढे ठेवायला अडचण नाही.

शेवटचा आक्षेप निराशेतून येतो: मोजून काय होणार? याचे उत्तर मोजणाऱ्याच्या हातात आधीच आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभरात क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. हा हक्क वापरताना मात्र लोक मित्राच्या सांगण्यावर किंवा जाहिरातीवर निर्णय घेतात. मुंबई हे वेगळे सर्कल आहे, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. दोन्हीकडे कंपन्यांचे स्पेक्ट्रम आणि जाळे वेगळे असल्यामुळे मुंबईकर नातेवाइकाचा अनुभव साताऱ्यात लागू पडेलच असे नाही. तक्रारीचेही तसेच आहे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जाऊन तक्रार क्रमांक घ्यावा लागतो आणि समाधान झाले नाही तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे लागते. तिथे ‘रेंज येत नाही’ या वाक्याला ठरावीक उत्तर मिळते. ‘अमुक क्रमांकाच्या सेलवर आरएसआरपी उणे ९० असूनही रात्री आठ ते दहा वेग एक एमबीपीएसच्या खाली राहतो, या तीस दिवसांच्या नोंदी’ असे लिहिले, तर तो कागद अभियंत्याच्या टेबलावर जाण्याची शक्यता कितीतरी वाढते.

गावांसाठी हे आणखी महत्त्वाचे आहे. सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथून बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जी जाळ्याचे उद्घाटन झाले आणि ९७,५०० हून अधिक टॉवर राष्ट्राला अर्पण झाले. त्यामागे सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांचे तंत्र आहे. जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या ४जी टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीची सेवा घेण्याची सोयही सुरू झाली. हा सगळा सार्वजनिक पैसा आहे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या पाड्याजवळ टॉवर उभा राहिला, याचा अर्थ तिथल्या आशा कार्यकर्तीचा अर्ज आता पाठवला जातो असा आपोआप होत नाही. त्याची खात्री त्या पाड्यावर उभे राहूनच करता येते, आणि ती करायला महिन्यातून एकदा दिल्लीहून कोणी येणार नाही.

म्हणून शाळांनी, महाविद्यालयांच्या विज्ञान मंडळांनी, गृहनिर्माण संस्थांनी आणि ग्रामपंचायतींनी हे काम हाती घ्यावे. नववी-दहावीची मुले लहरी आणि वारंवारता शिकतातच, त्यांना आपल्या गावाचा सेल मोजायला देण्याइतका चांगला प्रयोग नाही. चार-पाच फोन, एक वही आणि वर्षभराची चिकाटी एवढ्या भांडवलावर गावाची नोंद उभी राहते. ती ग्रामसभेत वाचावी, कंपनीला पाठवावी, आणि फायबरचा खड्डा किंवा टॉवरची जागा यांसाठी परवानगी मागायला कोणी आले, तर तीच पुढे ठेवून बोलावे. परवानगी देणाऱ्याला आपल्याकडे काय कमी आहे हे आकड्यांत ठाऊक असेल, तर बोलणी वेगळीच होतात. जाळे उभारणे हे कंपनीचे आणि सरकारचे काम आहे. ते आपल्या दारापर्यंत पोहोचले की नाही हे तपासण्याचे काम आपले आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला तितके नीट करता येणार नाही.